दिवा हँडलवरून खाली आणला

शनिवारी पहाटे साडेचारला इंदूरच्या रामबागेतून सायकलनं निघायचं आणि खंडवा रोडनं सिमरोल गाठायचं, हा आमचा हिवाळ्याचा नेम. भंवरकुवापर्यंत रस्त्यावरचे दिवे पुरतात. तेजाजी नगर मागे पडलं की सगळी भिस्त आपल्या दिव्यावर. गेल्या महिन्यात तिथं तीन प्रकारे दिवा लावून पाहिला, त्याची ही नोंद.

पहिला दिवा ऑनलाइन घेतलेला, खोक्यावर ‘10000 लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). मंडळी, हा हिशेब खरेदीआधी करा. आत 18650 मापाचा एकच रिचार्जेबल लिथियम सेल होता: 3.6 व्होल्ट, 3000 मिलिअँपिअर-तास, म्हणजे जेमतेम 11 वॉट-तास. चांगला एलईडी एका वॉटला 100 ते 150 लुमेन देतो. खरोखर 10000 लुमेन निघाले असते, तर सेल दहा मिनिटांत संपला असता. माझा दीड तास चालायचा; म्हणजे हजारेक लुमेन, फार तर. तेवढे पुष्कळ होते, पण झोत गोल. अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जायचा आणि उरलेल्यातला बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत. सिमरोलकडून येणाऱ्या एका दूधवाल्यानं मोटारसायकल चालवता चालवता डोळ्यांवर हात धरला, त्याच दिवशी तो दिवा उतरवला.

दुसरा दिवा वरून कापलेल्या झोताचा घेतला. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींना असाच झोत सक्तीचा आहे. वर सरळ रेघ, तिच्या वर जवळजवळ अंधार, सगळा उजेड रस्त्यावर. फरक पहिल्याच किलोमीटरला जाणवला. अडचण बसवण्याची. माझं हँडल मधे 31.8 मिलिमीटर जाड, पुढे बारीक होत जातं. पट्टा त्या उतारावर आला की प्रत्येक स्पीडब्रेकरला दिवा मान टाकायचा. जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घातल्यावर पकड आली. पण हँडलवर पुढची बॅग लावली की तिची सावली थेट चाकापुढे.

म्हणून तिसऱ्या खेपेला तोच दिवा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) माथ्यावर, मडगार्डच्या बोल्टला, पत्र्याची छोटी पट्टी वाकवून बसवला. जमिनीपासून 70 सेंटिमीटर. आणि रस्ता वेगळाच दिसू लागला! डोळा वर आणि दिवा खाली, त्यामुळे बारीक खडीचीसुद्धा लांब सावली पडते, खड्ड्याची कड काळी उठून दिसते. हेल्मेटवरच्या दिव्यात नेमकं हेच हरवतं. उजेड डोळ्यांजवळून निघाला की सावली वस्तूच्या मागे लपते आणि रस्ता सपाट भासतो. एक सवय मात्र करावी लागते: खालच्या दिव्यात उथळ खड्डाही खोल वाटतो. पहिल्या दिवशी मी उगाच चार-पाचदा ब्रेक दाबला.

झोत किती वाकवायचा, तो हिशेब असा. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी आठ-नऊ मीटर. एकूण सतरा. त्याला पुरून उरेल अशी, 30 मीटरवर टेकणारी रेघ मी ठरवली. मग रात्री सायकल भिंतीपासून 5 मीटरवर, स्वतः बसून, सरळ उभी केली. त्या अंतरावर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा 12 सेंटिमीटर खाली, म्हणजे 58 वर यायला हवी. आईनं भिंतीवर खडूनं खूण केली, मी ऍलन कीनं दिवा वाकवला. चाकात हवा नेहमीइतकी असू द्या आणि बॅग भरलेली, नाहीतर माप चुकतं.

मागचा लाल दिवा स्थिरच ठेवलाय. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या गाडीला अंतर नीट कळत नाही.

आता धुक्याची वाट पाहतोय. हँडलवरच्या दिव्यानं पुढे पांढरी भिंत उभी राहायची; खालून, मंद मोडवर ती कितपत विरळ होते, ते भेरूघाटाच्या अलीकडच्या सखल पट्ट्यात पाहायचंय.