बदकं, बंड्या आणि बसायची जागा

आमच्या बंड्याच्या खानदानाचा धंदाच बदकं आणून द्यायचा. लॅब्रॅडोर रिट्रीव्हर, म्हणजे शिकाऱ्याने पाडलेलं बदक पाण्यातून तोंडात धरून आणायचं, तेही दात न लावता. बोटांमधे पडदे, पोहताना वळायला जाड शेपूट, आत पाणी शिरू न देणारी दुहेरी फर, सगळी तयारी त्यासाठीच, आणि साहेब राहतात मुलुंडला चौथ्या मजल्यावर. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, बरंच आहे ते, म्हणून आमचं सगळं कॅमेऱ्यावर. पण जागा शोधायचे शिकाऱ्यांचे नियम मात्र जसेच्या तसे लागू पडतात बरं का!

मुख्य नियम वाऱ्याचा. बदक उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते समोरून येणार, नाहीतर फोटोत नुसती शेपटं. आता ठाण्याची खाडी बघा, थंडीत सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून, पूर्वेचा, आणि सूर्यही तिकडेच, म्हणून सकाळी ऐरोलीची बाजू. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, ऊन पश्चिमेला जातं, मग भांडुपची बाजू. लोक सकाळी सहाला भांडुपला जाऊन उन्हात डोळे बारीक करून बसतात आणि वर लेन्सला शिव्या घालतात. भरती-ओहोटीसाठी तिथीला पाऊणने गुणायचं, अष्टमीला सहाच्या आसपास भरती, खाडीत आत थोडी उशिरा. चिखल उघडा असेल तर पक्षी लांब पांगलेले असतात, पाणी चढलं की जवळ येतात.

बंड्याला अभयारण्यात नेत नाही, प्रश्नच नाही. त्याच्यासाठी उरणकडे भातशेतांच्या मागे एक तळं आहे (नाव विचारू नका, गर्दी होते). तिथे तो पट्ट्यातच असतो आणि त्याचं गणित माझ्या बरोब्बर उलट, त्याला वारा नाकावर लागतो. बांधावरून चालता चालता एकदम थांबतो, एक पाय वर, नाक गवताकडे, म्हणजे पलीकडे काहीतरी आहे. मग बायको त्याला घेऊन मागे जाते आणि मी लांबून वळसा घालून वारा पाठीवर घेऊन बसतो. मागच्या वेळी तिथे हळदी-कुंकू बदकांची जोडी निघाली, चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी दोन लाल ठिपके, एवढ्या जवळून की चोचीवरून ओघळणारं पाणी दिसत होतं. थापटे आणि तलवार बदकं मात्र मधोमध, ती कसली जवळ येतायत.

बदकांनी माना ताठ केल्या आणि एकत्र सरकायला लागली की समजायचं आपण फार पुढे आलोय, तिथेच थांबायचं, जमलं तर मागे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांना फोटोसाठी मुद्दाम उडवणाऱ्या लोकांशी माझं अजिबात पटत नाही, ग्रुपवर भांडणं झालीयेत त्यावरून, आणि पुढेही होतील.