मुकुरूतली शाळा आणि जन्मदाखले

नैरोबीतल्या मुकुरू वस्तीत आम्ही काही मराठी कुटुंबं आणि तिथल्याच शिक्षिका मिळून एक छोटी शाळा चालवतो. पत्र्याच्या खोल्या, मागे चूल, दुपारी मका-घेवड्याची गिथेरी. गरीब मुलांची शाळा म्हटलं की लोक आधी देणग्यांबद्दल विचारतात. पैसा लागतोच, पण आमचा खरा कस लागला तो जन्मदाखल्यांपायी.

केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३पासून मोफत आहे. तरी अशा वस्त्यांतली कितीतरी मुलं लोकांनीच उभ्या केलेल्या शाळांत जातात, कारण सरकारी शाळा लांब आणि वर्ग तुडुंब. आम्ही प्रवेशाला कागद मागत नाही. पण २०२२पासून सहावीच्या शेवटी राष्ट्रीय मूल्यांकन असतं. आमची पहिली तुकडी त्याला बसायची होती, तेव्हा शिक्षण खात्याच्या 'नेमिस' या संगणकीय यादीत प्रत्येक मुलाचं नाव चढवणं भाग होतं, आणि त्यासाठी जन्मदाखल्याचा क्रमांक हवा होता. दाखला नाही तर हुशार मूलसुद्धा सरकारदरबारी नाहीच.

मग आयांना बोलावलं. एकीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दवाखान्याची जन्मसूचना काढली. कागद चौघडीचा, शाई पुसलेली आणि नेमकी तारीखच घडीवर आलेली. लसीकरणाच्या पुस्तिकेत तारीख स्पष्ट होती, पण नावाचं स्पेलिंग वेगळं. आमच्या हजेरीपटावर तिसरंच. मुकुरूच्याच क्वा न्जेंगा भागात २०२१च्या अखेरीस रस्त्यासाठी घरं पाडली गेली, त्यात काहींचे कागद घरासकट गेले. जन्म घरी झाला असेल तर असिस्टंट चीफकडून, म्हणजे त्या भागातल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, जन्मसूचना घ्यायची. मूल सहा महिन्यांहून मोठं असेल तर नोंद 'उशिराची' धरली जाते आणि पुरावे वाढतात. सोडून गेलेल्या बापाचं ओळखपत्र आणायचं कुठून, या धास्तीनं काही जणी अर्जच करत नव्हत्या. बापाचं नाव न लावताही दाखला मिळतो, हे त्यांना शांतपणे समजावणं हे एक मोठंच काम होतं. नोंदणी कार्यालयाच्या एका खिडकीवर एका आईला सगळ्यांसमोर याच कारणावरून सुनावलं गेलं. त्यानंतर आम्ही कुठल्याच बाईला एकटीला पाठवलं नाही.

हे सगळं तडीस नेलं आमच्या म्वालिमूंनी, म्हणजे वस्तीतल्या शिक्षिकांनी. शनिवारी शाळेतच बसून त्या ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायच्या, शुल्क एम-पेसानं, म्हणजे मोबाइलवरून, जायचं. कोणता चीफ कधी भेटतो, कोणत्या आईशी काय बोलावं, हे आम्हा परक्यांना कुठून कळणार! माझं ठाम मत आहे की अशा शाळेनं भिंती रंगवण्याआधी कागदपत्रांसाठी वस्तीतलाच माणूस पगारावर नेमावा. आम्ही आता तसा नेमला आहे, आणि मूल शाळेत आलं की पहिल्याच सत्रात त्याची फाइल उघडतो.

सध्या अडलीत ती चौथीतली काही मुलं. त्यांचा जन्म दुसऱ्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात), आजोळी झालेला, त्यामुळे नोंदही तिकडच्या कार्यालयात व्हायची. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागते आणि माणसं गावी जातात, तेव्हा प्रत्येक आईच्या हाती भरलेला अर्ज, शाळेचं पत्र आणि बसभाडं द्यायचं असं ठरवलंय. पत्रांवर मुख्याध्यापिकाबाईंच्या सह्या सुरू झाल्यात.