रिव्हेट बघायला समुद्रात

बालीतल्या तुलांबेनच्या किनाऱ्यावर वाळू फारशी नाही, गोटे आहेत. काळे, गुळगुळीत, पाय टेकला की सरकणारे. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे तुकडे, हातात फिन्स (पायात चढवायचे पोहण्याचे पंखे) आणि गुडघ्यावर आपटणारी लाट. माझ्या मते अख्ख्या डाइव्हमध्ये हीच वीस पावलं खरी अवघड. गावातल्या बायका मात्र पंधरा किलोच्या वरची भरलेली सिलिंडरं डोक्यावर घेऊन याच गोट्यांवरून चालत जातात, कधी कधी दोन-दोन. आमच्या गाइडने सांगितलं, त्यांना ‘इबू’ म्हणा, म्हणजे आई. आम्ही म्हटलं, त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे गाव डायव्हर लोकांना ठाऊक आहे ते ‘यूएसएटी लिबर्टी’मुळे. अमेरिकन सैन्याचं हे मालवाहू जहाज रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोम्बोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानच्या आय-१६६ पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला ओढत सिंगराजाकडे नेत होत्या, पण पाणी फार शिरलं, म्हणून तुलांबेनलाच किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये मागचा अगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. त्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली, हे मात्र डाइव्हच्या जाहिरातीत कुठे दिसत नाही.

रेल्वेचे सुटे भाग हे वाचलं, तेव्हाच मी लेकीला म्हटलं, मीही येते. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या परळच्या वर्कशॉपमध्ये गेली. डायव्हिंग शिकले तारकर्लीला, तेही तिच्याच नादाने.

जहाज किनाऱ्याला समांतर, एका कुशीवर पडलंय. साधारण १२५ मीटर लांब. उथळ भाग पाचेक मीटरवर, खोल भाग तिसाच्या आसपास. माझ्या डायव्हिंगच्या प्रमाणपत्राच्या कार्डावर १८ मीटरची मर्यादा, पण तेवढ्यात पोटभर बघून होतं. पाणी कोमट. खाली जाताना दर मीटरला नाक दाबून कान मोकळे करायचे, घाई केली की दुखतात.

लेक मासे बघत होती. काळ्या वाळूत गार्डन ईल उभे असतात, जवळ गेलं की सर्रकन बिळात. पहाटे मोठाल्या टेंगूळवाल्या पॅरटफिशांचा कळप येतो, म्हणून आम्ही उजाडताच उतरलो होतो. (दहानंतर दुसऱ्याच्या फिन्सची लाथ तोंडावर बसायची तयारी ठेवा.) मी पत्रे शोधत होते. जहाजावर प्रवाळ, स्पंज आणि समुद्रपंखे इतके माजलेत की लोखंड असं थोडंच दिसतं. आणि दिसलं तरी करडं-हिरवं, कारण लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. टॉर्च मारला आणि गंज एकदम गंजासारखा झाला, वर्कशॉपच्या मागच्या भंगारातला, ओळखीचा. मग एका पत्र्याच्या कडेला गोल डोक्यांची ओळ दिसली. रिव्हेट! पत्र्याला पत्रा जोडायला ठोकून बसवतात ते.

हे जहाज १९१८ सालचं, रिव्हेटने जोडलेलं. दुसऱ्या महायुद्धात झपाट्याने बांधलेली ‘लिबर्टी’ वर्गातली जहाजं निराळी, ती मुख्यतः वेल्डिंगची. नावामुळे पुष्कळ लोक गल्लत करतात, आमच्या गटातल्या एका काकांनीही केली होती. त्यांना ती ओळ दाखवायला हवी होती. गाइड हात लावू नका अशी खूण करत होता. मी हात पाठीमागे बांधूनच तरंगत होते, फक्त मान पुढे. लाल काहीतरी वाढलेल्या एका रिव्हेटवर बोटाएवढा मासा बसला होता, तो काही हलेना.

वर आल्यावर लेकीने विचारलं, पॅरटफिश बघितलेस का? मोठे होते, असं मी म्हटलं.

रिव्हेटचे फोटो संध्याकाळी वर्कशॉपच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकले. पाणी कसं होतं, भीती वाटली का, कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला: पिच किती? म्हणजे दोन रिव्हेटमधलं अंतर. मी टेप नेली नव्हती. त्यावरून रात्री अकरापर्यंत अंदाज चालू होते.