टाकून दिलेला भात

स्वयंपाक हा माझा धंदा, समाजकार्य नव्हे. पण वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी जेवणाची विक्री करायचं ठरलं आणि "स्वयंपाकघर तेवढं तुम्ही बघा" म्हणत मंडळींनी ते माझ्या गळ्यात मारलं. दोनशे कुपनं आधीच खपली होती. पैसे गल्ल्यात आणि जेवण अजून पोत्यात, अशी अवस्था मला कधीच आवडत नाही.

सकाळी सातला पोहोचले तर कोपऱ्यात दोघांनी मिळून उचलावं लागेल असं पातेलं. मंडळातल्या एका काकूंनी रात्री तिथेच थांबून भात करून ठेवला होता. तांदूळही त्यांचेच, कुणी न सांगता आणलेले.

"तुमचं निम्मं काम उरकलंय बघा. आता नुसता गरम केला की झालं."

झाकण उचललं. आतून थेंब ओघळले, हाताला ऊब लागली. थर्मामीटर मधोमध खुपसला. 36 अंश.

रात्री अकराला उतरवलेला भात सकाळी सातलाही कोमट! एवढं मोठं पातेलं, वर घट्ट झाकण. आतली उष्णता जाणार कुठून? शिजवलेलं अन्न एक तर 60 अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर 5 च्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांच्या वर नाही. इथे आठ तास झाले होते.

"वास तरी घेऊन बघा. काही झालेलं नाही त्याला."

वास घेतला. खरंच काही झालेलं नव्हतं, आणि पंचाईत तिथेच होती. आंबलेला भात कुणीही टाकतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी तगून राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. मग कितीही वाफ द्या, जिवाणू मरतील, उलट्या करवणारं ते विष तसंच राहील. वासात, चवीत पत्ता लागत नाही. सहा तासांच्या आत माणूस उलट्या करायला लागतो.

हे मला पाठ आहे. पण कामावरच्या पोराला "टाक रे ते" म्हणणं वेगळं आणि रात्रभर जागलेल्या काकूंना म्हणणं वेगळं. धंद्यात मी दोन मिनिटांत निकाल लावला असता. इथे चांगली पंधरा मिनिटं नुसती झारे पुसत होते.

"घरी तर आम्ही नेहमीच रात्रीचा भात सकाळी खातो," मंडळाचे खजिनदार म्हणाले.

"दादा, घरचं पातेलं केवढं? ते लवकर निवतं. हे निवलंच नाही."

काकू काही बोलल्या नाहीत. मीच पातेल्याची एक कडी धरली. दुसरी कोण धरणार, असा क्षणभर प्रश्न होता. ती त्यांनी धरली.

बाकीचा दिवस नुसती धावपळ. नवा तांदूळ आणला, एकच मोठा घाणा न घालता लहान लहान घाणे लावले आणि भात शेगडीवरून थेट ताटात. तासभर उशीर झाला. रांगेत कुरकुर झाली, काहींनी कुपनं परत केली. त्यांचे पैसे लगेच द्यायला लावले. तिथे घासाघीस केली असती तर पुढच्या वेळी कुपन कोण घेणार?

संध्याकाळी हिशेबाला बसलो. खजिनदार म्हणाले, काकूंचे तांदूळ वहीत नकोत, ते फुकटच आले होते. त्यावर मात्र मी अडून बसले. फुकट आलेलं सामान जमेला देणगी म्हणून आणि खर्चाला खर्च म्हणून, दोन्हीकडे लिहायचं. शिल्लक तीच राहते, पण पुढच्या वर्षी कुपनाचा दर ठरवणाऱ्याला कळतं की जेवणाला एवढा खर्च येतो. नाहीतर देणगी न मिळालेल्या वर्षी विक्री तोट्यात जाते आणि कुणाला कारण सापडत नाही. छपरासाठी ठरवलेली रक्कम थोडक्यात हुकली होती, ते वेगळंच.

वही काकूंनी ओढून घेतली. खर्चाच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: तांदूळ, टाकले. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. तिथे थोडा वेळ पेन धरून बसल्या आणि एकच शब्द लिहिला.

झाकण.