उन्हाची काय कमी हाये?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. हे काकाजी मंगळवार-शुक्रवारवाले. खरं तर आठवड्यातून तीनदा यायला हवं, पण गावाहून येण्याजाण्यात अख्खा दिवस बुडतो.

व्हिटॅमिन डी कमी निघालं तेव्हा ते हसले होते. "बाई, जलम वावरात गेला माहा. मले उन्हाची काय कमी हाये?"

म्हणणं खोटं नव्हतं. पण उन्हानं कातडीत बनतं ते कच्चं डी. लिव्हर त्यावर एक हात फिरवतं, शेवटचा हात किडनीचा. किडनीच बसली की ते पुरतं कामाला येत नाही. कॅल्शियम घसरतं आणि गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून ते ओढायला लागतात. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी तयार डी, म्हणजे कॅल्सिट्रिऑलची ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल दिली, आणि कच्चा साठा भरायला ६०,००० युनिटची पुडी, आठवड्याला एक.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ते जावयाच्या खांद्यावर आले. उलट्या, पाच दिवस पोट साफ नाही, बोलणं असंबद्ध. मी म्हटलं, ऊन लागलं. पारा ४५ ला टेकलेला, दुसरं काय सुचणार? डॉक्टरांनी मात्र कॅल्शियम तपासायला लावलं. १३.१ निघालं! साडेदहाच्या वर जायला नको ते.

"गोळ्या घेता ना?" हे मी दर खेपेला विचारायची, ते "घेतो" म्हणायचे. पिशवी कधी उघडून पाहिली नव्हती. त्या दिवशी काकूंना ती पलंगावर ओतायला लावली. पुड्यांची रिकामी पाकिटं मोजली, एकोणीस.

"रोज दुधात देत होती बाई. अशक्तपणाले चांगली म्हने."

वर कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली 'कॅल्शियमची गोळी'. मागचं बारीक अक्षर वाचलं तर तिच्यातही कॅल्सिट्रिऑल.

सगळं बंद केलं. डायलिसिसच्या मशीनला लागणाऱ्या द्रावणाचे, म्हणजे पार्ट-ए चे, कमी कॅल्शियमवाले कॅन जिल्ह्याहून मागवले आणि काकाजींना लागोपाठ तीन दिवस मशीनवर घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी जावयाला ओळखून शिवी दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आकडा मात्र महिनाभर रेंगाळला. पुडीतलं डी चरबीत मुरून बसतं.

आता ते वजनकाट्यावर चढायच्या आधी पिशवीच ठेवतात. "हे पाह्य आंधी," म्हणतात, "मंग मले पाह्य."