म्योन्दालेनचा तपकिरी: तिसरा प्रयत्न

मंडळी, टेबलावरच्या फुटबॉलसाठी मी चिमुकले गडी रंगवतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. नॉर्वेच्या ग्लिम्ट क्लबचे पिवळे अकरा दाखवून झाले, तेव्हा नॉर्वेच्या मालिकेत पुढे कोण, यावर तुमच्यातले बरेच जण रोसेनबोर्ग म्हणाले होते. पांढरा शर्ट, काळी चड्डी, दोन संध्याकाळींत काम उरकलं असतं. तरी मी म्योन्दालेन हा क्लब घेतला. पाच आठवडे झाले आणि काल कुठे आठवा गडी वाळत ठेवलाय. उशिराचं कारण एकच: तपकिरी रंग.

फुटबॉलमध्ये हा रंग अंगावर घालणारे क्लब बोटांवर मोजण्याइतके. हॅम्बुर्गचं सांक्ट पाउली बहुतेकांना माहीत असतं, अर्जेंटिनाचं प्लातेन्से थोड्यांना. म्योन्दालेन मात्र नकाशात शोधावं लागतं. ऑस्लोच्या नैर्ऋत्येला द्रामेन शहर आहे, तिथून नदीच्या काठाकाठाने वर गेलं की हे गाव लागतं. सगळा नदीकाठ लाकडाच्या वखारींवर आणि कागदाच्या गिरण्यांवर वाढलेला. २०२० पासून गाव द्रामेन नगरपालिकेत गेलं, पण ते कागदोपत्री. द्रामेनचा क्लब स्त्रोम्सगोद्से, आणि शेजारच्या क्लबशी सख्य कसं असतं ते कोल्हापूरच्या पेठांतला फुटबॉल बघितलेल्यांना मी काय सांगू! म्योन्दालेन क्लब १९१० चा. गंमत म्हणजे सांक्ट पाउलीसुद्धा १९१० चंच. एकाच वर्षात दोन तपकिरी.

कोणत्या वर्षाची टीम रंगवायची, यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. १९३३. नॉर्वेत देशभराची लीग सुरू झाली ती १९३७-३८ च्या मोसमापासून. त्याआधी सगळा मान कपाचा, आणि जिंकणाऱ्याला राजाच्या नावाचा चषक. म्योन्दालेन १९२४ मध्ये पहिल्यांदा फायनलला पोचलं आणि शिएनच्या ओद क्लबकडून हरलं. १९३१ मध्ये पुन्हा फायनल, पुन्हा समोर ओद, पुन्हा हार. ओद म्हणजे कपाच्या बाबतीत तिथलं जुनं वतनदार घराणंच, आजवर बारा कप त्यांच्याकडे. मग १९३३ मध्ये व्हायकिंग क्लबला ३-१ ने हरवून पहिला कप गावात आला. पुढच्याच वर्षी सार्प्सबोर्गला २-१. आणि १९३७ मध्ये फायनलला समोर कोण, तर ओद! या वेळी ४-२, म्योन्दालेनच्या बाजूने. १९३८ ची फायनल फ्रेड्रिकस्टाडने ३-२ अशी घेतली. हिशेब करा: आठ वर्षांत पाच फायनल, तीन कप. नदीकाठच्या एका गिरणीगावाने केलेलं हे काम आहे. पुढे कप काही मिळाला नाही, अजूनही त्या तिनावरच आहेत.

आता आपल्या कामातली खरी अडचण. या क्लबची सगळी मोठी वर्षं कृष्णधवल आहेत. तेव्हाचे फोटो मोठे करकरून बघितले, पण त्यात तपकिरी कुठे दिसतोय? दिसतो तो गडद करडा. तोच करडा लाल शर्टाचाही येतो आणि निळ्याचाही. म्हणजे १९३३ च्या दुपारी मैदानावर तो रंग नेमका कसा दिसला असेल, ते आपल्याला आपल्या बशीतच कालवून बघावं लागणार. मला खरं सांगायचं तर याच कारणासाठी हा क्लब हवा होता.

पहिला प्रयत्न: बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, सरळ बाटलीतून, पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तरावर). वाळल्यावर गडी चॉकलेटच्या गोळ्यांसारखे दिसायला लागले, त्यातही लालसर झाक. मुलगा म्हणाला, बाबा, खाऊ का एक? तीन गडी थिनरमध्ये बुडवले.

दुसरा प्रयत्न: त्यातच काळ्याचा एक थेंब. हातात धरून बघितलं तेव्हा झकास वाटलं. टेबलावर उभे केले, दोन पावलं मागे गेलो, तर सगळे पंचासारखे काळे. ही चूक मी ग्लिम्टच्या बुटांच्या वेळीही केली होती आणि तुम्हालाच शहाणपण शिकवलं होतं, की वस्तू जितकी लहान तितका रंग डोळ्याला गडद दिसतो, म्हणून एक पायरी फिका घ्यावा. सांगणं सोपं असतं.

तिसऱ्या प्रयत्नाआधी म्हटलं, डोळ्यांसमोर काहीतरी खरं ठेवावं. काताची वडी ठेवून बघितली, ती फार लाल. मग लक्षात आलं, आपल्या भाषेत या रंगाचं नाव ज्या वस्तूवरून पडलंय तीच का नको? कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून तपकिरीची डबी आणली, चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरली आणि तिच्याशी ताडून रंग कालवला. बर्न्ट अंबर चार थेंब, यलो ऑकर (मातकट पिवळा) दोन, पांढरा एक. प्रायमर या वेळी करडा. पातळ दोन हात, आणि खांद्यांवर व छातीच्या घडीवर त्याच रंगात अर्धा थेंब पांढरा वाढवून कोरडा ब्रश फिरवला. जमलं! जुन्या लोकरीच्या, शंभरदा धुतलेल्या शर्टासारखा दिसतोय. चड्ड्या पांढऱ्या, पण कोऱ्या पांढऱ्या नाहीत, ऑकरचा थेंब घालून जरा मळवल्यात. पाठीवर आकडे टाकलेले नाहीत.

केसांचं काय करायचं हा प्रश्न उरला. तपकिरी शर्टावर तपकिरी केस म्हणजे मान कुठे संपली तेच कळत नाही. म्हणून सहा जणांना पिंगट केस दिले. नॉर्वे आहे, चालून जातं.

तपकीर वापरणाऱ्यांना एक सूचना. पंखा बंद करा. मी केला नव्हता. पाचव्या गड्याचं तोंड ओलं होतं, त्यावर डबीतली अर्धी भुकटी जाऊन बसली. त्याला आता दाढी आहे.

दुसरी फजिती हवामानाची. भर पावसात गच्चीच्या दारात उभा राहून मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि चार गड्यांवर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला. दमट हवेत हे होतं हे माहीत असूनही हात शिवशिवले. उपाय सापडला तो असा: ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्यायचा, बराचसा पांढुरका थर त्यात जिरतो, पूर्ण वाळलं की वरून ब्रशनेच मॅट. तीन गडी असे वाचले. चौथा राखीव म्हणून बसवलाय.

समोरची टीम म्हणून मी मुद्दाम वेल्सच्या कार्डिफ सिटीचे निळे काढून ठेवलेत, ते दोन वर्षांपूर्वीच रंगवून झालेले आहेत. यामागची गोष्ट १९६८ ची. त्या वर्षी ल्यून क्लबने लीग जिंकली आणि कपाच्या फायनलमध्ये म्योन्दालेनला ३-० ने हरवून कपही नेला. लीगविजेते म्हणून ल्यून युरोपियन कपात गेलं, त्यामुळे युरोपातल्या कपविजेत्यांच्या वेगळ्या स्पर्धेतली जागा हरलेल्या म्योन्दालेनला मिळाली. १९६९ च्या शरद ऋतूत कार्डिफ गावात आलं आणि ७-१ ने जिंकून गेलं. वेल्समध्ये ५-१. एकूण १२-२. हसू नका, कारण तिकडे युरोपियन कपाच्या पहिल्या फेरीत विजेत्या ल्यूनचं इंग्लंडच्या लीड्सने काय केलं ते बघा: १०-० आणि ६-०. म्हणजे हरून आत शिरलेल्या म्योन्दालेनने निदान दोन गोल केले आणि दोन्ही चषकांचे मालक शून्यावर परतले. १९३३ चे तपकिरी आणि १९६९ चे निळे एका टेबलावर उभे करणं हा इतिहासावर अन्याय आहे, मला कबूल आहे. पण ३३ च्या टीमने कार्डिफसमोर काय केलं असतं, हे बघायचंय.

अलीकडच्या काळातलं एकच सांगतो, कारण ती मॅच मला फार आवडते. २०१४ ची प्लेऑफ, म्हणजे पहिल्या श्रेणीतल्या जागेसाठीची लढत. बर्गनचा ब्रान म्हणजे मोठ्या शहराचा मोठा क्लब, पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी झगडत होता. बर्गनमध्ये १-१. परतीच्या सामन्यात म्योन्दालेनने घरच्या मैदानावर ३-० मारले आणि १९९२ नंतर पहिल्यांदा पहिल्या श्रेणीत गेले. प्रशिक्षक वेगार्ड हान्सेन. वर्षभरात परत खाली आले, मग २०१९ ते २०२१ पुन्हा वर. लिफ्टच आहे म्हणा.

क्लबचा बँडीचा संघही आहे. बर्फावर, फुटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत, अकरा-अकरा जण काठीने चेंडू मारतात तो खेळ. त्याचे अकरा करायचा मोह होतोय, पण गड्यांच्या हातात काठ्या बसवायच्या म्हणजे टाचण्या वाकवत बसावं लागेल. कोणी केलंय का? केलं असेल तर टाचणी चिकटवायला काय वापरलं ते सांगा.

सध्याची स्थिती: आठ पूर्ण, दोघांचे मोजे बाकी, गोलकीपर प्रायमरवर. पण मुलाला धीर निघेना, म्हणून काल रात्री आठ विरुद्ध आठ असा सामना झाला. त्याने अर्थातच कार्डिफ घेतलं. निळे ३, तपकिरी १. तपकिरीचा गोल दाढीवाल्याने केला आणि त्याच फटक्यात घोट्यातून तुटला. रात्री चिकटवून काड्यापेटीला टेकवून ठेवलाय, परतीचा सामना रविवारी.