फटाके जाड लोखंडी पेटीत कोंबू नका

उरलेले फटाके कुठे ठेवायचे विचारलं की बहुतेक जण सांगतात, चांगल्या जाडजूड लोखंडी पेटीत घाला, वरून कुलूप ठोका, विषय संपला. कुलूप पाहिजेच, पोरांचे हात कुठे पोचतील नेम नसतो, पण ते खोलीला लावा ना. कारण उघड्यावर चिमूटभर दारू पेटली तर फुस्स करून जळून जाते, तीच घट्ट बंद जागेत पेटली की गॅसला वाट मिळत नाही, दाब चढतो, दाब चढला की दारू अजून जोरात जळते आणि मग पेटीच बॉम्ब होऊन बसते.

नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात १३ मे २००० ला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. भर वस्तीत फटाक्यांचं गोदाम, माल काँक्रीटच्या खोल्यांत आणि स्टीलच्या कंटेनरमध्ये, आग लागली आणि स्फोट वाढतच गेले. २३ माणसं गेली, त्यात आग विझवायला आलेले ४ जवान. नंतर कळलं की बराचसा माल कागदावर होता त्यापेक्षा जास्त धोकादायक वर्गातला होता (कागदावर सगळं नेहमीच छान असतं म्हणा).

तर घरी थोडेसेच असतील तर मूळ पाकिटातच राहू द्या, ती पाकिटं पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यात, आणि खोकं थंड, कोरड्या, कुलूपबंद खोलीत. तापणारा माळा नको, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर तर अजिबात नको, गॅस, पेट्रोल, रंगाचे डबे लांब.

आणि आग लागलीच तर ब्लँकेट टाकून गुदमरवायच्या फंदात पडू नका. साध्या काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक असतं आणि जळायला लागणारा ऑक्सिजन त्या सोऱ्यातूनच मिळतो, बाहेरची हवा लागतच नाही. सगळ्यांना बाहेर काढा, फायर ब्रिगेडला फोन करा आणि आत फटाके आहेत हे आधी सांगा.

ओल लागली की फटाका फुसका होतो एवढंच लोकांना माहीत असतं. पण काही मिश्रणांत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमची पूड असते, तिची पाण्याशी रिॲक्शन होऊन उष्णता आणि हायड्रोजन निघू शकतो. शिवाय भिजून वाळलेल्या रॉकेटच्या दारूला भेगा गेल्या तर एकदम जास्त दारू पेटते आणि ते वर जायच्या ऐवजी जागेवरच फुटू शकतं. म्हणून उन्हात वाळवणं, हीटरजवळ ठेवणं, फोडून दारू वेगळी काढणं यातलं काहीच करायचं नाही. किंचित ओलसर झालेले असतील तर घराबाहेर बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा (भरपूर पाण्यात उष्णता साचत नाही आणि बाहेर असल्यामुळे हायड्रोजनही कोंडत नाही), वर तरंगत असतील तर वजन ठेवा, आणि पुढे कुठे टाकायचे ते फायर ब्रिगेडला विचारा.